टेस्ट सर्व्हर नसलेला धंदा

आमच्या धंद्यात एक बरं असतं. नवीन पोरानं लिहिलेला कोड आधी टेस्ट सर्व्हरवर जातो. फुटला तर तिथेच फुटतो, कस्टमरला पत्ताही लागत नाही. मास्तरकीत ही सोय नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी समोर तीस-चाळीस खरीखुरी मुलं! मग शिक्षक व्हायला निघालेल्यांनी चुकायचं कुठे आणि शिकायचं कुठे?

आता तुम्ही म्हणाल, डीएडला सराव पाठ असतात की. असतात ना. पण सराव पाठ म्हणजे टाचण आधीच तपासलेलं, मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम बसलेल्या, आणि मुलंही बिचारी शहाण्यासारखी हात वर करणारी. थोडक्यात, डेमो.

माझी मामेबहीण डीएडच्या पहिल्या वर्षाला असताना, 2024 मध्ये, 'असर'च्या सर्वेक्षणाला गेली. 2005 पासून 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं हे सर्वेक्षण चालतं, आणि घरोघर फिरणारे बरेचसे स्वयंसेवक कॉलेजची आणि डीएडची मुलं असतात. आधी प्रशिक्षण, मग दोघांना मिळून एक गाव, बहुतेक शनिवार-रविवारी. सरपंचांना भेटायचं, गावाचा नकाशा काढायचा, गावाचे चार भाग करून प्रत्येकातली पाच घरं घ्यायची. वीस घरं झाली की गाव झालं.

ऐकायला सोपं वाटतं. पण आमची ही बाई म्हणजे घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बाहेर न येणारी! तिनं सरपंचांच्या ओट्यावर उभं राहून "आम्ही कशासाठी आलोय" हे सांगायचं होतं. ती म्हणाली, "दादा, पहिल्या वाक्याला आवाजच फुटेना. पाचव्या घरापर्यंत लोक मलाच चहा विचारायला लागले."

मला खरी गोष्ट वाटली ती पुढची. मुलाला एक साधा परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. एका घरात पाचवीतला मुलगा परिच्छेदावर अडला. आई दारात उभी, "वाच की रे, बाई आल्यात." आणि बाईंना नियम असा, की मदत करायची नाही. शब्द सुचवायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत. मूल जिथे आहे तिथे खूण करायची.

ज्या मुलीला वर्षभर 'शिकवायचं कसं' हेच शिकवलंय, तिला गप्प बसायला सांगणं! ती म्हणाली, हातातलं पेन टाकून त्याच्या शेजारी बसावंसं वाटत होतं. बसली नाही. 'शब्द' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेली.

त्या वर्षी अशा 605 ग्रामीण जिल्ह्यांतल्या जवळपास 18 हजार गावांमधून साडेसहा लाखांच्या आसपास मुलांची माहिती गोळा झाली. पाचवीतली 48.8 टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. म्हणजे निम्म्याहून जास्त नाही. पेपरात हा आकडा मी दरवेळी वाचून पान उलटतो. तिला मात्र त्यात एक दार आणि एक आई दिसते.

मामांचा प्रश्न सरळ होता : "यानं नोकरी लागणारे का?" नाही लागणार. नोकरीला टीईटी हवी, अभियोग्यता चाचणीचे मार्क हवेत, मग 'पवित्र' पोर्टलची वाट बघायची. त्या यादीत वीस घरांचा रकाना नाही. मामा चुकीचं काहीच बोलत नव्हते.

पण दुसऱ्या वर्षी आंतरवासितेला तिला चौथीचा वर्ग मिळाला. तिनं आधी एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावलं. मदत न करता. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन मधल्या सुट्टीआधीचा एक तास मागितला : मुलं इयत्तेनुसार नाही, वाचता येतं त्यानुसार बसवायची. सर म्हणाले, पोर्शन कोण संपवणार? तिनं चौतीस मुलांची यादी समोर ठेवली. तास मिळाला.

टाचण कसं लिहायचं ते कॉलेजनं शिकवलं होतं. सरांच्या केबिनमध्ये जाऊन तास मागायचं मात्र ती त्या ओट्यावर शिकली होती.