गार्सियांच्या मुळाशी

कादंबरीकार गार्सिया मार्केस कोलंबियाचा, कवी गार्सिया लोर्का अंदालुसियाचा. मग दोघांचे मूळपुरुष एकच का? गार्सिया हे स्पेनमधले सर्वाधिक आढळणारे आडनाव. त्याचा माग काढायचा तर उत्तर स्पेनमधले पाम्प्लोना गाठावे लागते. वाटाडे तिथे बैल सोडण्याच्या गल्लीतच रेंगाळतात आणि राजांविषयी विचारले की दोन वाक्यांत आटोपते घेतात, हे खटकते. कारण खरा पुरावा त्या राजांच्या नावांतच आहे. नवव्या शतकात इथे गार्सिया इनिगेस राज्य करत होता आणि गार्सिया हे तेव्हा पाळण्यातले नाव होते. पुढच्या शतकात सांचो गार्सेसचा मुलगा गार्सिया सांचेस, त्याचा मुलगा पुन्हा सांचो गार्सेस. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव आणि नातवाला आजोबांचे, ही रीत मराठी घराला समजावून सांगायला नको.

या राजांचा माग पुढे काढायचा तर पश्चिमेकडे नाहेराला जावे. तिथला मठ पाम्प्लोनाचा राजा गार्सिया सांचेस तिसरा याने १०५२ मध्ये स्थापला. दोनच वर्षांनी आतापुएर्काच्या लढाईत, भाऊ फर्नांदोच्या सैन्याशी लढताना, तो पडला. आदिमानवाच्या अवशेषांसाठी जगप्रसिद्ध असलेल्या या गावात मला महत्त्वाची वाटते ती हीच रणभूमी. पण मग सगळे गार्सिया याच घराण्याचे, असे कुलचिन्हे विकणारे म्हणतात, ते टिकत नाही. कास्तियाचा काउंट गार्सिया फर्नांदेस याची आई पाम्प्लोनाची राजकन्या. म्हणजे नाव माहेराकडून आले, पितृवंशातून नव्हे. आणि राजांचे नाव प्रजेनेही आपल्या मुलांना ठेवले. मग ‘-एस’ प्रत्यय लागून सगळे ‘गार्सेस’, म्हणजे गार्सियाचे मुलगे, का झाले नाहीत? कारण बापाचे नाव प्रत्यय न लावता, जसेच्या तसे जोडण्याचीही चाल होती. गार्सेस हे आडनाव आजही आहेच.

ही नावे वंशपरंपरागत व्हायला शतके लागली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पाद्र्यांना विवाहांची नोंदवही ठेवायला लावली आणि आडनावे स्थिरावायला मदत झाली. त्याच वर्षी गोव्यात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला. त्याच्या बाबतीत गार्सिया हे अजून पहिलेच नाव होते. फिलिपिन्समध्ये तर १८४९ मध्ये गव्हर्नर क्लाव्हेरियाने छापील यादीतून आडनावे वाटली. तिथे स्पॅनिश आडनाव हा स्पॅनिश रक्ताचा पुरावा ठरत नाही. गार्सिया हे एका कुळाचे नव्हे, असंख्य बापांचे नाव आहे. वंश शोधणाऱ्याने विकतचे कुलचिन्ह घेऊ नये, गावच्या चर्चमधली नोंदवही उघडावी.