सीरमलाही ऊन लागतं

बारामतीतल्या आमच्या मेडिकलमध्ये उन्हाळ्यात एक तक्रार ठरलेली असते. मागच्या मे महिन्यात भवानीनगरकडची एक ताई पर्समधून व्हिटॅमिन सीच्या सीरमची बाटली काढून काउंटरवर ठेवत म्हणाली, "दादा, हे असं का झालं?" डाळिंबाच्या बागेत दिवसभर काम, दोन्ही गालांवर वांग. घेतलं तेव्हा सीरमला रंग नव्हता. आता ते कोऱ्या चहासारखं झालं होतं. ड्रॉपरच्या रबराखाली तपकिरी कड धरली होती. एक्स्पायरीला मात्र अजून वर्ष बाकी.

"ठेवता कुठं?"

"खिडकीत, आरशापाशी. वर पत्राच हाय."

व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड. उन्हामुळे त्वचेत जे उपद्रवी रेणू तयार होतात, त्यांना ते स्वतः झिजून थोपवतं. ज्या गुणासाठी आपण ते लावतो, त्याच गुणामुळे ते बाटलीत टिकत नाही. झाकण उघडलं की आत शिरलेल्या हवेशी त्याची झटापट सुरू होते. पाण्यात विरघळलेलं असेल तर झीज वाढते, लोखंडा-तांब्याचा अंश मिसळला तर आणखी. वर उष्णता. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी चढलं की अशा क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो.

औषधांचा टिकाऊपणा लवकर जोखायचा तर ती बंद कपाटात ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासतात. त्या कपाटातले ४० अंश बारामती-इंदापूरला मे महिन्यात सावलीतही गाठले जातात. पत्र्याखालचं तर बोलायलाच नको. एक्स्पायरीची तारीख लेबलवरच्या तापमानाला बांधलेली असते, तीही बाटली बंद असेपर्यंत. हे ताईला समजावताना मला वाईट वाटत होतं, कारण तिने मजुरीतून पैसे बाजूला काढून ती बाटली घेतली होती.

यावर उपाय शोधणाऱ्यांत अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल यांचं नाव मोठं. २००५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की १५ टक्के सी आणि १ टक्का ई असलेल्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातलं, तर ते द्रावण जास्त टिकतं आणि त्वचेला उन्हापासून मिळणारं संरक्षण चौपटीवरून आठपटीच्या घरात जातं. हे फेरुलिक अ‍ॅसिड उसाच्या चिपाडातही असतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांत चिपाडाचे डोंगर बघत मोठा झालेल्या मला याचं फार अप्रूप वाटतं.

वांगाच्या ट्यूबचंही तेच. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिकडी असते. चिठ्ठीशिवाय मी ती देतच नाही. त्यातलं हायड्रोक्विनोन हवेने तपकिरी पडतं, ट्रेटिनॉइन उजेडात मोडतं. ट्रेटिनॉइन रात्री लावायचं, ते यासाठीही. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड त्याच्याच जोडीला उजेडात चेहऱ्यावर आलं तर ट्रेटिनॉइन काही तासांतच बरंचसं संपतं. अ‍ॅडापॅलिन तसं मोडत नाही, म्हणून त्या दोघांची एकत्र ट्यूब निघते. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब मला आवडते: दाबली की दबूनच राहते, सोडल्यावर हवा आत ओढून घेत नाही.

लोक टक्के बघून घेतात. मी सांगतो, २० टक्क्यांची मोठी बाटली घेऊन खिडकीत ठेवण्यापेक्षा १० टक्क्यांची लहान घ्या, काच रंगीत बघा, पंप असेल तर उत्तम, आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. ताईनेही लहानच घेतली. घरी फ्रिज होता, तिथं ठेवायचं ठरलं.

आमच्याकडून इंदापूरकडे जाणारा मालही याच कारणाने आता सकाळी सातच्या आत निघतो. भर दुपारी टेम्पोच्या हौद्यात सीरमचे खोके ठेवू देत नाही; दुपारी आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशी जाते, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.