लेझरने कोरलेली दाढ आणि निघून आलेलं फिलिंग

पेशंटना रोज सुया टोचणारा मी, स्वतः दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलो की घामाघूम होतो. शाळेत असताना एक दाढ कोरून घेतली होती; त्या ड्रिलचा आवाज पन्नाशी उलटली तरी डोक्यातून गेलेला नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दाढ किडली, थंड पाण्याने कळ येऊ लागली, तरी मी चार महिने चालढकल केली. शेवटी 'ड्रिलशिवाय, लेझरने' अशी पाटी वाचून एका दवाखान्यात गेलो.

अनुभव खरंच सुसह्य होता. टक-टक आवाज, पाण्याचा फवारा, भुलीचं इंजेक्शनही लागलं नाही. मी खूश! पुढे दात दुखतो म्हणणाऱ्या माझ्या पेशंटनाही "लेझरच करून घ्या" असं सांगू लागलो.

आठव्या महिन्यात भाकरी खाताना दाताखाली खडा आला. काढून पाहिलं तर माझंच फिलिंग!

दातांचा डॉक्टर असलेला जुना मित्र दाढ बघून म्हणाला, "दाढ कशाने कोरणार ते विचारलंस. सिमेंट कसं चिकटवणार ते विचारलंस का?" नव्हतं विचारलं.

मग त्याने समजावलं ते असं. दातांसाठी जो अर्बियम लेझर वापरतात, त्याची ऊर्जा दातातलं पाणी शोषून घेतं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि किडलेल्या भागाचे बारीक कण उडतात. अमेरिकेत 1997 पासून या कामासाठी त्याला मान्यता आहे. ड्रिलने कोरल्यावर दातावर भुशाचा पातळ थर राहतो, लेझरने तो राहत नाही. पृष्ठभाग खडबडीत दिसतो. म्हणून वाटतं, आता सिमेंट घट्ट बसणार.

पण इथेच फसगत होते. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, जवळपास सगळं खनिजाचं. त्याच्या आतल्या डेंटिनमध्ये मात्र कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. बाँडिंगचं द्रव या जाळ्यात झिरपून घट्ट झालं, की फिलिंग धरून राहतं. लेझरच्या उष्णतेने वरवरचं कोलॅजन बिघडलं, तर द्रव नीट झिरपत नाही आणि पकड कमी पडू शकते. म्हणून लेझरनंतरही इनॅमलवर अ‍ॅसिड लावावंच लागतं. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने फॉस्फोरिक अ‍ॅसिडची ही युक्ती दाखवली. लेझर आला म्हणून तिची गरज संपलेली नाही.

माझं फिलिंग नेमकं याच कारणाने निघालं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. चिकटवताना लाळ लागली तरीही असंच होतं. मित्राने दाढेभोवती रबराचा पडदा लावला, वरचा बिघडलेला थर ड्रिलने हलकेच काढला (हो, शेवटी ड्रिलच!), पंधरा सेकंद अ‍ॅसिड, धुणं, बाँडिंग आणि मग थराथराने सिमेंट भरून निळा प्रकाश. वर्ष उलटलं, फिलिंग जागेवर आहे.

ज्यांना मी लेझरची शिफारस केली होती, त्यांना पुढच्या भेटीत माझी अर्धवट माहिती दुरुस्त करून दिली. लेझर वाईट नाही. ड्रिलच्या भीतीने दवाखान्याची पायरी न चढणाऱ्यांना तो मोठा आधार आहे. पण लेझरने कोरून घेणार असाल, तर तीन गोष्टी जरूर विचारा: अ‍ॅसिड आणि बाँडिंग कसं करणार? दात कोरडा कसा ठेवणार? जुनी चांदी काढायची आहे का? चांदीवर हा लेझर चालत नाही.

आणि माझ्यासारखे चार महिने घालवू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही. कीड नसेपर्यंत पोचली, की प्रश्न फिलिंगचा राहत नाही, रूट कॅनालचा होतो. माझी दाढ त्यातून थोडक्यात वाचली.