जीपचे पाटे

मराठवाड्याची काळी जमीन पिकाला जितकी उदार, तितकीच वाटसरूला कठोर. काळा खडक झिजून झालेली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओल्या मातीतून बैलगाडी गेली की तीत खोल चाकोऱ्या उमटतात. पुढे ऊन पडले की त्याच चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आमचा मोसंबीचा मळा आहे. मळ्यापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट अशीच आहे. अंतर अवघे तीन किलोमीटर. पण ते ओलांडताना माणसाला आपल्या शरीरात हाडे किती आहेत, याची गणती आपोआप होते.

या वाटेवर आमची जुनी जीप चालते. जीप ही मूळची रणांगणावरची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ती तयार झाली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही तिची जुळणी होऊ लागली. चिखल, ओढा, चढण यांना ती डगमगत नाही. आमच्या जीपमधून मोसंबी जाते, बी-बियाणे येते, आणि अडीनडीला आजारी माणसेही जातात. गेल्या आषाढात शेजारच्या वस्तीवरील एका बाईला बाळंतपणासाठी रात्री अंबडला न्यावे लागले. प्रत्येक खड्ड्यापाशी ती बाई दात आवळून धरी आणि माझी आई तिला दोन्ही हातांनी सावरी. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण त्या रात्रीनंतर जीपचे पाटे सुधारायचे, हे आमच्या घरी ठरून गेले.

बैलगाडीचा साटा सरळ आखावर टेकलेला असतो. म्हणून चाकाला बसलेला धक्का जसाच्या तसा माणसाला पोहोचतो. जीपमध्ये आख आणि सांगाडा यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांचा एक जुडगा असतो. सर्वांत लांब पट्टी मुख्य, आणि तिच्याखाली उतरत्या लांबीच्या पट्ट्या. यांनाच पाटे म्हणतात. चाक दगडावर चढले की पाटे वाकतात, धक्का पोटात घेतात आणि पुन्हा पूर्ववत होतात.

माझ्या पुतण्याने लगेच एक बेत मांडला. “काका, प्रत्येक जुडग्यात दोन-दोन जाड पट्ट्या वाढवू, जीप वीतभर उंच करू आणि मोठी चाके बसवू. मग कोणता खड्डा आडवा येतो ते पाहू!” चित्रातल्या गाड्या अशाच असतात, हे त्याचे प्रमाण होते. आई सुपात ज्वारी पाखडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अरे बाळा, जीप उंच झाली तर मी तिच्यात चढू कशी? आणि ती कडक झाली तर बसू कशी?”

आईच्या या दोन प्रश्नांत सारे यंत्रशास्त्र आले होते. पट्ट्या वाढवल्या की पाटे ताठ होतात. भरलेल्या गाडीला ते मानवते. पण रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत आणि धक्का थेट बसणाऱ्याला लागतो. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो, आणि तिरप्या वाटेवर ती उलटण्याचे भय वाढते. शिवाय गाडीच्या नोंदणीपत्रात नमूद असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते.

तेव्हा आम्ही आधी मोजमाप करायचे ठरवले. स्प्रिंगवर जितका भार अधिक, तितकी ती अधिक वाकते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. पुतण्याने मागील आखावर मोसंबीचे क्रेट रचले आणि फुटपट्टी धरली. १०० किलोला गाडी २ सेंटिमीटर दबली, २०० किलोला ४ आणि ३०० किलोला ६. सांगाडा खालच्या रबरी ठोकळ्यावर आपटायला मात्र ७ सेंटिमीटरच जागा उरली होती. मग खड्ड्यात धाडकन आवाज येणार नाही तर काय!

गॅरेजातील मिस्त्रींनी पाटे निरखून निदान केले. पाट्यांचा ताठपणा गेलेला नव्हता. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने त्यांचा मूळ बाक सपाट झाला होता. नवे, मूळ मापाचे पाटे घातले तर ३ सेंटिमीटर उंची परत मिळणार होती, म्हणजे जागा १० सेंटिमीटर होणार होती. पुतण्याने विचारले, “जालन्यात लोखंडाच्या एवढ्या भट्ट्या आहेत, तिथल्याच सळईच्या पट्ट्या का घालू नयेत?” मिस्त्री हसले. घरबांधणीची सळई वाकवली की वाकलेलीच राहते, आणि तेच तिचे काम. पाट्याचे पोलाद निराळ्या घडणीचे. ते लालबुंद तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा बेताने तापवतात. तेव्हा कुठे त्याच्या अंगी वाकून परत येण्याचा गुण उतरतो.

आणखी एक दोष सापडला. खड्डा ओलांडल्यावर जीप चार-पाच वेळा झुलत राही. ही झुलण थांबवण्यासाठी तेल भरलेल्या नळ्या असतात. त्यांतील दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, आणि झुलण्याची शक्ती उष्णता होऊन विरून जाते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबून पाहा; हा अडथळा तुमच्या हाताला जाणवेल. आमच्या जीपच्या नळ्यांतील तेल कधीच गळून गेले होते.

अखेर यादी तयार झाली: मूळ मापाचे नवे पाटे, नव्या नळ्या आणि नवे रबरी ठोकळे. यादीच्या शेवटी पुतण्याने आपण होऊन एक ओळ लिहिली, “३०० किलोंपेक्षा अधिक माल भरायचा नाही.” त्या ओळीला पैसे पडणार नव्हते; पण साऱ्या यादीत मला तीच मोलाची वाटली. वाट कठीण असली म्हणजे गाडी दांडगी हवी, असे आपल्याला सहज वाटते. परंतु गाडीत बसणार कोण, आणि तिने ओझे किती वाहायचे, हे ज्याने आधी विचारले, त्यालाच तिची खरी गरज कळते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी हे काम उरकायचे आहे. कारण वस्तीवरून हाक कोणत्या रात्री येईल, ते सांगता येत नाही.