खाली राहिलेलं चाक

मित्रांनो, नकाशा काढा बघू! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन सापडलं? आता तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं जरासं वर सरका. अटलांटिक महासागराच्या काठचं हे बेव्हर्ली. आज आपल्याला इथल्या विमानतळावर जायचंय.

जम्बो जेट बघायला मिळेल म्हणून आला असाल, तर निराश व्हाल हं! सुमारे दीड-दीड किलोमीटर लांबीच्या दोन धावपट्ट्या, एक कंट्रोल टॉवर आणि बरीचशी चिमुकली विमानं. त्यातली कित्येक शिकाऊ वैमानिकांची. उडायचं, फेरी मारायची, उतरायचं, की पुन्हा उडायचं! नवी सायकल शिकताना आपण मैदानाला फेऱ्या मारतो ना, अगदी तसंच.

सप्टेंबर २०१८ मधला एक रविवार. शाळेत शिकणारी सतरा वर्षांची एक मुलगी छोटं 'पायपर' विमान घेऊन निघाली. एकटीच! शेजारची प्रशिक्षकांची खुर्ची रिकामी. (सतरा म्हणजे फारच लहान वाटतं? आपल्या देशातही सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळू शकतो.)

विमान उडालं आणि त्याचं उजवं चाक निखळून खालीच राहिलं! पायपरची चाकं पंखाखाली असतात, आत बसलेल्याला ती दिसत नाहीत. जमिनीवरून मात्र कुणीतरी ते पाहिलं. टॉवरनं तिला रेडिओवरून सांगितलं, काहीही न लपवता.

धडकी भरली ना? तिलाही भरली असेलच. रस्त्यात सायकल बिघडली तर आपण उतरून ती हातानं ढकलत नेतो. आकाशात कुठे उतरणार? पेट्रोल संपायच्या आत खाली यायलाच हवं.

मग रेडिओवर तिच्या प्रशिक्षकांचा ओळखीचा आवाज आला. ते विमानाच्या कुठल्याच कळीला हात लावू शकत नव्हते. त्यांच्या हाती होते फक्त शब्द. शांतपणे, एकेक करून दिलेले.

एक चाक नसताना उतरायचं कसं? वेग आहे तोवर पंखांना हवेचा आधार असतो. म्हणून बेताच्या वेगानं यायचं, शाबूत चाक आधी टेकवायचं आणि चाक नसलेल्या बाजूचा पंख जमेल तितका वेळ उचलून धरायचा. वेग ओसरला की तो पंख खाली येणारच. पण तोवर धक्क्याचा जोर पुष्कळ कमी झालेला असतो.

अग्निशामक गाड्या तयार उभ्या होत्या. विमान टेकलं, कललं, घसरत गेलं आणि थांबलं. विमानाचं नुकसान झालं, पण ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. साधं खरचटलंसुद्धा नाही!

त्या दिवशी तिनं नवीन असं काहीच केलं नाही. रोज गिरवलेला उतरण्याचा धडाच पुन्हा गिरवला, फक्त एक चाक कमी असताना. उद्या गणिताच्या पेपरात पहिलंच उदाहरण अडलं, तर तिची आठवण काढा. आणि आईबाबांनो, तेव्हा तुमचा आवाजही त्या रेडिओवरच्या आवाजासारखाच असू द्या बरं का!