सांधा

आईनं विळी सोडली ती गुडघ्यांपायी. साठ वर्षं विळीच्या पाटावर पाय दाबून तिनं भाजी चिरली, नारळ खोवले. आता खाली बसली की उठताना कुणाचा तरी हात लागतो. ओट्याशी उभं राहून बाजारातल्या सुरीनं ती टोमॅटो कापायला लागली आणि एक दिवस म्हणाली, "ही कापत नाही रे, चेचते."

गेली बारा वर्षं मी पाती घडवतो आहे. लोकांसाठी कोयते केले, सुऱ्या केल्या. आईसाठी एकही पातं केलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, हिला सुरी करायची आणि ती नक्षीच्या पोलादाची करायची. ज्याला सगळे 'दमास्कस' म्हणतात, त्याची.

या एका नावाखाली दोन वेगळी पोलादं नांदतात. पहिलं मुशीतलं. दक्षिण भारतातले कारागीर मातीच्या बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकूड, पाला घालून ती तापवत आणि पोलादाचा गोळा काढत. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. गोवळकोंड्याच्या मुलखातल्या कोनसमुद्रमला इराणी व्यापारी हे पोलाद घ्यायला येत. ते गाव आजच्या तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात आहे, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारी. कन्नड 'उक्कू'चं इंग्रजीत 'वूट्झ' झालं. त्याचे नमुने विलायतेला गेले ते मुंबईहून. १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ते पाठवले आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होतं असंच म्हटलं आहे. तरुण मायकेल फॅरेडेनंही १८२०च्या सुमारास त्याचं कोडं सोडवायचा प्रयत्न केला. या पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी जी नक्षी उमटते, तिला फारसीत 'जौहर' म्हणतात. आपला 'जवाहीर' त्याच शब्दाच्या घरचा. ही नक्षी लोखंड आणि कार्बन यांच्या कठीण कणांच्या ओळींची असते. व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी किंचित अंश त्या ओळी लावतो, हे जॉन वेरहोवेन या धातुशास्त्रज्ञानं आणि आल्फ्रेड पेंड्रे या लोहारानं मिळून १९९०च्या दशकात दाखवून दिलं. हे पोलाद बेतानं तापवावं लागतं. जाळ जास्त झाला की कण विरघळतात आणि नक्षी जाते.

दुसरं पोलाद थरांचं. दोन जातींचं पोलाद एकावर एक रचायचं, तापवून ठोकून एकजीव करायचं, कापायचं, पुन्हा रचायचं. इंडोनेशियातल्या क्रिस नावाच्या कट्यारी अशाच थरांच्या असतात. इंग्लंडमध्ये सटन हूच्या दफनात सापडलेली सातव्या शतकातली तलवारही अशीच जोडकामाची. अमेरिकेत ही विद्या मागे पडली होती. मेरीलँडच्या बिल मोरान या लोहारानं १९७३ मध्ये अशी पाती करून प्रदर्शनात मांडली आणि आज जगभर माझ्यासारखे जे कुणी हे काम करतात, त्यांची वाट तिथून पुन्हा मोकळी झाली.

मी करतो ते हे दुसरं. मुशीतल्या पोलादात सांधा नसतो. माझ्या कामात सगळा जीव सांध्यातच आहे.

सांधा पहिल्यांदा पाहिला तो लहानपणी, गावाला. पेरणीच्या आधी घिसाडी यायचे. वडाखाली त्यांची पालं पडायची. जमिनीत ऐरण रोवलेली, भात्याचा फुसफुस आवाज आणि भोवती विळे, खुरपी, कुऱ्हाडी घेऊन बसलेली माणसं. बाप्या सांडशीत काम धरायचा आणि घण मारायची त्याची बायको. तिला आम्ही मावशी म्हणायचो. तो हातातल्या लहान हातोडीनं कामावर एक टिचकी मारायचा आणि नेमक्या त्याच जागी मावशींचा घण पडायचा. बोलणं नाही, काही नाही. बोथट झालेल्या कुऱ्हाडीचं तोंड फोडून ते त्यात पोलादाचा तुकडा बसवायचे आणि तापवून ठोकायचे. थोड्या वेळानं बघितलं तर कुऱ्हाड कुठली आणि तुकडा कुठला, ते कळत नसे. एकदा मी विचारलं, "हे चिकटतं कशानं?" मावशी म्हणाल्या, "मधी काय नसलं की चिकटतं."

हे वाक्य मला कळायला तीस वर्षं लागली.

आईच्या सुरीसाठी मी तेरा पट्ट्या घेतल्या. सात साध्या जास्त कार्बनच्या पोलादाच्या, तीन मिलिमीटर जाड. सहा निकेल असलेल्या पोलादाच्या, दीड मिलिमीटरच्या. हे दुसरं पोलाद लाकडाच्या वखारीतल्या पट्टा-करवतीचं. त्यात सुमारे दोन टक्के निकेल असतं. प्रत्येक पट्टी दोन्ही अंगांनी घासून चकचकीत केली, थिनरनं पुसली आणि त्यानंतर बोट लावलं नाही. बोटाचं तेलही मधे नको. चवड रचली, टोकं वेल्डिंगनं टाचली, मागे धरायला सळई जोडली. वजन भरलं एक किलो चारशे ग्रॅम.

भट्टीत चवड लाल झाली की तिच्यावर टाकणखार टाकायचा. तोंड आल्यावर आजी मधातून ज्याची लाही लावायची, तोच हा टाकणखार. तापलेल्या लोखंडावर पडताच तो तसाच फुलतो, पांढरी लाही होते, मग बसतो आणि काचेसारखा वितळून फटींत उतरतो. तापल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर खपली धरते. ती खपली दोन थरांच्या मधे राहिली तर सांधा होत नाही. टाकणखार हवा अडवतो, खपलीला पातळ करतो आणि घाव बसला की तिला घेऊन बाहेर पडतो. मावशींचं 'मधी काय नसलं की' ते हेच.

मग वाट बघायची. लाल, नारिंगी, पिवळा. बाराशे अंशांच्या पुढं पिवळ्यावर पांढरट झाक येते आणि वितळलेला टाकणखार तापल्या तुपासारखा थरथरू लागतो. नवख्याचा हात इथेच शिवशिवतो. बाहेरून पिवळी दिसणारी चवड आतून अजून नारिंगी असू शकते. म्हणून रंग आल्यावरही मी ती भट्टीतच ठेवतो, उलटी करतो, पुन्हा ठेवतो. फार झालं की ठिणग्या उडतात. ते पोलाद जळण्याचं लक्षण. या दोहोंच्या मधली वेळ फार थोडी असते.

पहिला घाव हळू मारायचा. बघणाऱ्याला नवल वाटतं. त्याला वाटतं, लोखंड जोडायचं म्हणजे जोर हवा. पण त्या तापाला पोलाद जोडणीसाठी आतुरच असतं; त्याला फक्त एकमेकाला टेकवायचं असतं. जोरानं मारलं तर वरचा थर खालच्यावरून सरकतो आणि धरू लागलेला सांधा सुटतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलके, लागोपाठ घाव घालत जायचं, म्हणजे मधला रस बाहेर येतो. तो लाल थेंबांनी उडतो, अंगावर येतो. आवाजही बदलतो. आधी सुट्या पट्ट्यांची खळखळ, मग एकच भरीव ठोका. लोखंड एक झालं की ते एका आवाजात बोलतं. जोर त्यानंतर, लांबी काढताना.

तेरा थरांची कांब लांब केली, चार तुकडे केले, घासून पुन्हा रचले. बावन्न. पुन्हा चार. दोनशे आठ. दर खेपेला तापून खपल्या पडतात, घासण्यात जातं. चौदाशे ग्रॅममधले किलोभर उरले. सुरीचा पाठीचा भाग तीन मिलिमीटर धरला, तर त्यात हे दोनशे आठ थर, म्हणजे एकेक थर केसाहून कितीतरी बारीक. मग कांबेच्या दोन्ही अंगांना आडव्या खाचा पाडल्या, एका बाजूच्या खाचेसमोर दुसऱ्या बाजूला सपाट भाग येईल अशा, आणि कांब ठोकून सपाट केली. खालचे थर खाचांतून वर येतात आणि पात्यावर पायऱ्या उमटतात. शिडीची नक्षी म्हणतात तिला.

पहिली सुरी मी टाकून दिली. दुसऱ्या रचणीच्या वेळी संध्याकाळ झाली होती, सिलिंडर संपत आला होता आणि मला सांधा त्याच दिवशी उरकायचा होता. चवड पुरती भिनू दिली नाही. ठोका पडला तेव्हा आवाज एका कोपऱ्याशी बद्द आला. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तडकलेलं मडकं जसं बोलतं, तसा. मी तो ऐकला आणि पुढं ठोकत राहिलो. सगळं झाल्यावर, पाणी देऊन पातं घासताना, धारेपासून बोटभर वर एक रेघ दिसली. केसाएवढी काळी रेघ, ना नक्षीतली, ना ओरखड्याची. मूठ बसवली असती, आम्लात नक्षी काढली असती, तर त्या शेकडो रेघांत ही कुणाला दिसली नसती. आईला तर नाहीच. पण भोपळा फोडताना पातं तिथंच उकललं असतं आणि तेव्हा हात तिचा असता. ते पातं मी पकडीत धरून मोडलं. रेघेच्या आत करडी खपली होती, नखाएवढ्या जागेत. बाकीचे सगळे सांधे शाबूत होते.

दुसऱ्या सुरीला मी दोन दिवस जास्त दिले. प्रत्येक सांध्यानंतर कांब टांगून वाजवली. खणखणीत हा शब्द मी जन्मभर वापरत आलो. तो कानाला काय सांगतो, ते तेव्हा समजलं.

घडलेल्या पात्याला पाणी दिलं ते तेलात. तेल असलं तरी आम्ही 'पाणी देणं'च म्हणतो. पोलाद ७७० अंशांना चुंबकाला सोडतं. त्याहून थोडं वर नेलं आणि कोमट तेलात सरळ उतरवलं. बाहेर काढून कानस फिरवली तर ती काचेवरून जावी तशी निसटली. इतकं कडक पातं ठिसूळ असतं, म्हणून ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. घासलेल्या जागी गव्हाळ रंग चढला.

इथवर नक्षीचा मागमूस नव्हता. पातं आरशासारखं कोरं. फेरिक क्लोराइड मी बुधवार पेठेतून आणतो. इलेक्ट्रॉनिक्सवाले त्यानं सर्किटच्या पाट्यांवरचं तांबं काढतात. पाणी घालून सौम्य केलं, पातं बुडवलं, दहा मिनिटांनी काढून घासलं, असं चारदा. आम्ल साध्या पोलादाला खातं, काळं करतं. निकेलच्या थराला फारसं लागत नाही, तो उजळ राहतो. शिडी पायरी पायरीनं वर आली. मी नक्षीआधी धारेवरचा बोटभर पट्टा पाहिला. उजेडात तिरका धरून, दोन्ही बाजूंनी. रेघ नव्हती. खाण्याच्या सोड्यानं आम्ल मारलं, शिसवीची मूठ बसवली आणि सुरी आईला दिली.

तिनं नक्षीकडे क्षणभर पाहिलं आणि टोमॅटो घेतला. पातं टेकवलं, ओढलं. साल न दबता काप पडला. मी तिला सांगू लागलो, गंजेल, ओली ठेवू नको. ती म्हणाली, "विळी पण गंजायचीच की. पुसायची, खोबरेल लावायचं." ती साठ वर्षं साध्या पोलादानंच चिरत आली होती.

वर्ष झालं. मधे चार-पाचदा मी धार लावली. सहाणेवर धारेजवळची नक्षी दर वेळी पुसली जाते, पातं तिथं पुन्हा कोरं होतं. मी ती परत आम्लात बुडवत नाही. आई लिंबं चिरते, कैऱ्या चिरते, टोमॅटो तर रोजचेच. महिनाभरात थर पुन्हा दिसू लागतात, निळसर, आधीपेक्षा मऊ. नक्षी वरवरची असती तर सहाणेनंच संपली असती. ती आरपार आहे, म्हणून कैरीच्या रसानंही वर येते.

परवा भोपळा फोडताना मी तिच्या शेजारी उभा होतो. तिनं दोन्ही हातांनी पाठीवर जोर दिला, पातं खाली गेलं आणि मी, सवयीनं, आवाज ऐकला.