पाचवा मालक

गाडी बघायला आलेल्या माणसानं ताडपत्री बाजूला केली आणि तो थेट चाकांपाशी बसला. बॉनेट उघडलं नाही, दार उघडलं नाही. टायरच्या बाजूवर अंगठा घासत म्हणाला, "हे रेडियल आहेत. मूळचे कुठे गेले?" मग आरसी बुक मागितलं. ते चाळून विचारलं, "यात तुमचं नाव नाही. तुमच्या वडिलांचंही नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

गाडी 1971 ची फियाट 1100 डिलाइट. कांजूरमार्गला आमच्या बोळात ती 2011 पासून उभी आहे. अब्बांचा इंतकाल झाल्यावर बहिणी म्हणाल्या, काढून टाक, जागा तरी मोकळी होईल. म्हणून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या या गृहस्थांना बोलावलं होतं. भाव त्यांनी भंगाराचा सांगितला, पण तासभर बसून शिकवलं मात्र भरपूर.

ते म्हणाले, इटलीच्या जुन्या महागड्या गाड्यांत दोनच प्रश्न आधी विचारतात: कोणाकोणाकडे होती, आणि पायात काय आहे. फेरारीनं 2006 मध्ये यासाठी कंपनीतच वेगळा विभाग काढला. चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांचे नंबर कारखान्यातल्या दप्तराशी ताडून तो प्रमाणपत्र देतो. टायरचंही तसंच. लॅम्बोर्गिनीची पहिली काउंटाच मिशेलिनच्या एक्सडब्ल्यूएक्स टायरवर आली. 1978 च्या एलपी 400 एसला मागे पिरेलीचा पी 7 होता, 345 मिलिमीटर रुंद. ती गाडी दुसऱ्या टायरवर उभी केली की ओळखीची वाटत नाही म्हणे. पिरेली अशा जुन्या मापांचे टायर आज नव्यानं बनवते, बाहेरून नक्षी जुनी आणि आत रबर आजचं.

आमच्या फियाटचं माप 5.20-14. म्हणजे रुंदी 5.20 इंच, 132 मिलिमीटर. काउंटाचच्या एका मागच्या टायरमध्ये आमचे अडीच बसतील. तरी नातं आहेच. फियाटनं 1969 मध्ये फेरारीचा निम्मा हिस्सा विकत घेतला, म्हणजे अब्बांची गाडी फेरारीची लांबची बहीणच! फक्त ही बहीण वाढली कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, आमच्या घरापासून चार स्टेशनांवर. हीच पुढे पद्मिनी झाली, काळीपिवळी झाली.

आता टायर. मूळचे क्रॉसप्लाय, आत दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेद देणारे. रेडियलचे दोरे कडेपासून कडेपर्यंत आडवे जातात, वर पट्टा असतो, पकड जास्त. दोन्ही जाती एका आसावर कधी लावायच्या नाहीत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय तर मुळीच नाही, वळणावर मागची बाजू आधी सुटते. अब्बांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चारही एकदम बदलले, आत ट्यूब घातली आणि मूळचा एक डिकीत स्टेपनी म्हणून ठेवला. कधी लावला नाही.

मी कुर्ल्यात 5.20-14 शोधत हिंडलो. एकानं ॲम्बेसेडरचा दाखवला, तो 5.90-15, आमच्या रिमवर चढणारच नाही. 2023 च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, आता हे माप कोण ठेवणार? एका दुकानात माळ्यावरून जोडी निघाली. नक्षी कोरी करकरीत, एक किलोमीटरही न चाललेली. पण वाकवून पाहिलं तर खाचांत बारीक भेगा. रबर पडून पडूनही मरतं. दिसायला तोच टायर बरोबर होता आणि त्यावर मी माझ्या पोरांना बसवलं नसतं.

आरसी बुकचं दुखणं जुनं आहे. त्यात तीन नावं. दादरचे एक पारशी गृहस्थ, मग एक डॉक्टर, मग घाटकोपरचे शेठ. अब्बांचं भांडुपला लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शेठ त्यांना लोखंड पुरवायचे. 1992 च्या नोव्हेंबरात अब्बांनी पैसे दिले. नावाचे फॉर्म डिसेंबरात भरायचे ठरले होते.

तो डिसेंबर सगळ्यांना माहीत आहे. जानेवारीत एका सकाळी शेठ स्वतः याच गाडीनं आले आणि अम्मीला, आम्हा भावंडांना मुंब्र्याला फुफीकडे घेऊन निघाले. मी नऊ वर्षांचा. मुलुंडच्या अलीकडे काही पोरांनी गाडी अडवली. कागद मागितले. शेठनी आरसी बुक दिलं. एकानं नाव मोठ्यानं वाचलं, आमच्याकडे पाहिलं, बुक परत केलं. अम्मीनं मांडीवर हात गच्च दाबून ठेवला होता, तो मुंब्रा येईपर्यंत काढला नाही.

त्यानंतर अब्बांनी नाव बदललं नाही. 96, 2001, 2006, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला शेठ येऊन सही करून जायचे. 2009 मध्ये ते गेले. त्यांच्या मुलाला सांगायला अब्बांना अवघड वाटलं असावं. 2011 मध्ये मुदत संपली, गाडी थांबली. मला तेव्हा याचा राग यायचा. इतका हिशोबी माणूस, आणि दोन फॉर्म भरता येत नाहीत!

गाडी विकायची नाही असं मी ठरवलं आणि शेठच्या मुलाला फोन केला. आधी फॉर्म 31 वर गाडी वारसानं त्याच्या नावावर, मग 29 आणि 30 भरून माझ्या. तो दोनदा कामावर दांडी मारून आला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमानं 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण मग रोज चालवता येत नाही. मला जुनाच नंबर हवा होता. टायर चारही नवे रेडियल घेतले, स्टेपनीसुद्धा पाचवा रेडियल. जुना क्रॉसप्लाय घरी आणला, बायको रोज त्याच्याकडे बघते आणि काही बोलत नाही.

कार्डावर मालक क्रमांक असतो. शेठ तिसरे, त्यांचा मुलगा चौथा, मी पाचवा. एकोणीस वर्षं गाडी चालवलेल्या अब्बांना क्रमांक नाही.

त्या व्यवहारवाल्या गृहस्थांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बिलं आहेत का? जुन्या गाड्यांत बिलं धरतात." अम्मीच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात ती निघाली. ट्यूब, व्हील अलाइनमेंट, चार रेडियल. प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि पुढे अब्बांचं नाव. सर्वांत जुनं 1993 च्या फेब्रुवारीचं आहे. पुढचे दोन टायर, 5.20-14.